44वी घटनादुरुस्ती: मंजूर झालेलं, पण आजवर लागू न झालेलं कलम 3

कृष्णाकाठ

संविधानाची सरकारी प्रत हाताशी असेल तर अनुच्छेद 22 चं, म्हणजे अटक आणि स्थानबद्धतेबद्दलचं पान काढा आणि मजकुराखालची तळटीप वाचा. 44व्या घटनादुरुस्तीचं कलम 3 अंमलात आलं की या अनुच्छेदात असे असे बदल होतील, अशा अर्थाची ती टीप आहे. दुरुस्ती 1978 ची. राष्ट्रपतींची संमती मिळाली 30 एप्रिल 1979 ला. बहुतेक सगळी कलमं त्याच वर्षी लागू झाली, कलम 3 तेवढं राहिलं. संसदेने दोन तृतीयांश मतांनी दिलेलं संरक्षण चार दशकांहून जास्त काळ छापील टिपेत पडून आहे. कॉलेजात घटनादुरुस्त्यांची यादी पाठ करून घेतात, त्यात हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली ती 'अंतर्गत अशांतता' या कारणाखाली. 27 जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला की अनुच्छेद 14 (समानता), 21 (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि 22 खालच्या हक्कांसाठी कोर्टात जाता येणार नाही. मिसा, म्हणजे खटल्याविना कोंडून ठेवू देणारा तेव्हाचा अंतर्गत सुरक्षा कायदा, त्याखाली माणसं उचलली गेली. मिसात नव्याने घातलेल्या कलम 16-अ मुळे अटकेचं कारणसुद्धा सांगायची गरज उरली नाही. आपले राजापूरचे खासदार मधु दंडवते बंगलोरच्या तुरुंगात आणि प्रमिलाताई येरवड्यात, अशी त्या घराची अवस्था होती. नऊ उच्च न्यायालयांनी ठामपणे सांगितलं की आणीबाणी असली तरी अटक कायद्याला धरून आहे की नाही एवढं आम्ही तपासू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 ला जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी ते सगळं पुसून टाकलं. सुनावणीत न्या. हंसराज खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं होतं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असंच उत्तर आलं. विरोधी निकाल लिहिणारे एकटे खन्ना. पुढे जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

44वी दुरुस्ती हे त्या निकालाला दिलेलं उत्तर होतं. अनुच्छेद 20 आणि 21 आता कुठल्याही आणीबाणीत निलंबित करता येत नाहीत. 'अंतर्गत अशांतता' जाऊन तिथे 'सशस्त्र उठाव' आला. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणी जाहीर करू शकत नाहीत, महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी लागते, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. आज आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती या दुरुस्तीने भरलेली आहे.

आता कलम 3. खटला न चालवता, गुन्हा सिद्ध न करता, 'हा पुढे काहीतरी करेल' म्हणून कोंडून ठेवणं याला प्रतिबंधात्मक स्थानबद्धता म्हणतात. आपलं संविधान त्याला परवानगी देतं. अनुच्छेद 22 नुसार सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिन्यांपर्यंत ठेवता येतं. मंडळावर उच्च न्यायालयाचे आजी-माजी न्यायाधीश किंवा न्यायाधीश व्हायला नुसती पात्र असलेली माणसं चालतात, आणि त्यांना नेमतं तेच सरकार, ज्याच्या आदेशाची तपासणी करायची आहे. कलम 3 ने मुदत दोन महिने केली. अध्यक्ष उच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायाधीशच हवा, इतर सदस्य आजी किंवा माजी न्यायाधीश हवेत, आणि मंडळ मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने बनायला हवं असं ठरवलं. शिवाय मंडळाला न विचारताच तीन महिन्यांहून जास्त ठेवता येईल असा कायदा करायची संसदेला असलेली मुभाच काढून टाकली.

हे कुणा एका पक्षाने रेटून नेलेलं नव्हतं. राज्यसभेत जनता पक्षाकडे बहुमत नव्हतं, म्हणजे विरोधकांच्या मतांशिवाय विधेयक तिथून पुढे सरकलंच नसतं. पण दुरुस्तीच्या पहिल्याच कलमात लिहिलं गेलं की केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करेल त्या तारखेपासून ती लागू होईल आणि वेगवेगळ्या कलमांसाठी वेगवेगळ्या तारखा ठरवता येतील. घोडं अडलं ते इथे. जनता सरकारने 20 जून 1979 पासून बहुतेक भाग लागू केला, कलम 3 सोडून. नंतर किती पक्षांची आणि आघाड्यांची सरकारं आली, एकानेही तारीख दिली नाही.

धनबादचे खासदार ए. के. रॉय यांना राष्ट्रीय सुरक्षा अध्यादेशाखाली (पुढे त्याचाच राष्ट्रीय सुरक्षा कायदा झाला) पकडलं, तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर 1981 चा निकाल. तीन न्यायमूर्ती म्हणाले, तारीख ठरवायचं काम संसदेनेच सरकारवर सोपवलंय, आम्ही हुकूम देऊ शकत नाही. न्या. गुप्ता आणि आपले न्या. तुळजापूरकर या मुद्द्यावर वेगळे झाले. तारीख ठरवण्याचा अधिकार म्हणजे तारीख कधीच न ठरवण्याचा अधिकार नव्हे, ही त्यांची भूमिका मला शंभर टक्के पटते.

तुमची मतं वाचायला आवडतील. विशेषतः वकील मंडळींची.

नाशिकरोडकर

धाग्याबद्दल मनापासून आभार. माझे वडील मिसाबंदी होते, नाशिकरोडला. मी तेव्हा शाळेत होतो. घरी आंतर्देशीय पत्र यायचं त्यावर तुरुंगाचा शिक्का आणि मधल्या काही ओळींवर काळी शाई फासलेली. आई ते पत्र उजेडासमोर धरून फासलेल्या ओळी वाचायचा प्रयत्न करायची. त्यात काही राजकारण नसायचं हो, बहुतेक वेळा तिथल्या जेवणाबद्दल नाहीतर कुणाच्या आजारपणाबद्दल असायचं.

आमच्या वकीलसाहेबांनी अर्जाची तयारी केली होती आणि तेवढ्यात जबलपूरचा निकाल आला. ते घरी आले, चहाही घेतला नाही, म्हणाले वहिनी आता कोर्टाचं दार बंद झालं. हे वाक्य आमच्या घरात अजून बोललं जातं. त्यामुळे 44वी दुरुस्ती आमच्यासाठी परीक्षेतला प्रश्न कधीच नव्हता.

त्या काळातली एक चांगली गोष्टही नोंदवतो. मुंबई उच्च न्यायालय तेव्हा बऱ्यापैकी ताठ उभं होतं. मिनू मसानींच्या नियतकालिकावरच्या सेन्सॉरशिपचा खटला, न्या. मदन आणि न्या. कानिया यांचा फेब्रुवारी 1976 चा निकाल जरूर वाचा. सरकारवर टीका छापू न देणं हे सेन्सॉरचं काम नाही, हे त्यांनी ऐन आणीबाणीत सांगितलं. आणि 1975 च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत जे बोलल्या, तेही तितकंच धाडसाचं. पुढे त्यांना अटक झाली.

वस्तीवाला

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. आणीबाणी वाईटच. पण आज स्थानबद्धता कुणावर लागते ते बघा. आमच्या भागात एक टोळी होती, हप्ते वसुली, कोयते, रात्री गाड्या फोडणं. गुन्हे दाखल व्हायचे, महिन्यात जामीन, आणि तक्रारदाराच्या दारात येऊन उभे. साक्ष द्यायला कोण जाणार? शेवटी एमपीडीए (गुंडांना स्थानबद्ध करायचा आपल्या राज्याचा कायदा) लागला, म्होरक्या वर्षभर आत गेला, तेव्हा कुठे दुकानं रात्री नऊपर्यंत उघडी राहायला लागली. माझ्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान त्यात होतं. हक्क तिलाही आहेत ना?

कृष्णाकाठ

@वस्तीवाला, तिला हक्क आहेतच, आणि तुमचा अनुभव मी जराही हलका समजत नाही. पण कलम 3 स्थानबद्धता बंद करत नाही. लागू झालं असतं तरी त्या म्होरक्याला आत ठेवता आलंच असतं. फक्त त्याची फाईल ज्या तीन माणसांपुढे जाणार ती सरकारने आपल्या मर्जीने निवडलेली नसती. ज्याच्याविरुद्ध खरोखर पुरावा आहे त्याच्या बाबतीत याने काय बिघडणार? फरक पडतो तो चुकून किंवा आकसाने उचललेल्या माणसाला.

काळाकोट

मी अशी प्रकरणं चालवतो, त्यामुळे थोडं विस्ताराने.

आपल्याकडचा मुख्य कायदा म्हणजे हाच एमपीडीए, 1981 चा, झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंना आळा घालणारा, नंतर त्यात वाळूतस्कर आणि काळाबाजारवालेही आले. पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी आदेश काढतात. 12 दिवसांत राज्य सरकारची मान्यता लागते, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे, सात आठवड्यांत मंडळाचा अहवाल, आणि जास्तीत जास्त 12 महिने स्थानबद्धता. म्हणजे कृष्णाकाठ म्हणतात ती दोन महिन्यांची मुदत इथे तशीही पाळली जाते. राष्ट्रीय सुरक्षा कायद्यातही सात आठवडेच आहेत. त्यामुळे माझ्या मते कलम 3 मधला मुदतीचा भाग आज फार मोलाचा नाही. खरं मोल दोन गोष्टींचं आहे: मंडळ कोण नेमतं, आणि मंडळाला वगळायची सोय. ही सोय कागदावरच राहिलेली नाही. 1980 च्या दशकात पंजाब आणि चंडीगडसाठी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात कलम 14-अ घालून मंडळाच्या मताशिवाय तीन महिन्यांहून जास्त ठेवण्याची तरतूद केली गेली. कलम 3 लागू असतं तर ती करताच आली नसती.

प्रत्यक्षात फाईल कशी असते ते सांगतो. वर आदेश, मग 'स्थानबद्धतेची कारणे', मग जुन्या एफआयआरच्या प्रती, आणि शेवटी दोन गोपनीय जबाब, 'साक्षीदार अ' आणि 'साक्षीदार ब'. दोघांच्या जबाबात घटना वेगवेगळ्या, पण वाक्यं बरेचदा सारखीच. चाकू दाखवला, खिशातले पैसे काढले, लोक सैरावैरा पळाले, दुकानांची शटर खाली आली. नाव नाही, पत्ता नाही, उलटतपासणी नाही. @वस्तीवाला, तुमच्या भागात साक्षीदार खरंच घाबरलेले असतील. पण असाच जबाब ज्याने काही केलेलं नाही त्याच्याविरुद्धही टाइप करता येतो आणि ते खोडून काढायला त्याच्या हातात काहीच नसतं. तिथे मंडळाच्या स्वतंत्रपणाला किंमत येते.

उच्च न्यायालयात आदेश रद्द होतात ते साधारण ठरावीक कारणांनी. शेवटचा गुन्हा आणि आदेश यात फार अंतर, स्थानबद्धाने आदेशाविरुद्ध दिलेल्या निवेदनावर निर्णय द्यायला उशीर, किंवा प्रकरण नुसतं कायदा-सुव्यवस्थेचं असताना सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका दाखवणं. आणि भाषा. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा 1962 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. माणसाला हिंदी येत होतं, कारणं दिली इंग्रजीत. त्याने हिंदी प्रत मागितली, ती नाकारली. कोर्टाने त्याला सोडलं, कारण न समजणाऱ्या भाषेत कारण देणं म्हणजे कारण न देणं. साठ वर्षं उलटून गेली, तरी मराठी भाषांतर नसलेली पानं अजून फाईलींमध्ये सापडतात.

अडचण ही की उच्च न्यायालयात सुनावणी होईपर्यंत बरेच महिने गेलेले असतात. आदेश रद्द होतो, माणूस सुटतो, पण गेलेले महिने कोण देणार?

खडूफळा

तारखेवरून आमच्या क्षेत्रातलं एक आठवलं. 1993 च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने 14 वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क म्हटलं. 86वी घटनादुरुस्ती डिसेंबर 2002 मध्ये झाली, 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा अनुच्छेद 21-क आला. पण त्यातही तीच ओळ होती, केंद्र सरकार ठरवेल त्या तारखेपासून. ती तारीख उजाडली 1 एप्रिल 2010 ला. 2002 साली सहा वर्षांचं असलेलं मूल तोवर जवळजवळ 14 वर्षांचं होऊन हक्काच्या वयाबाहेर पडायच्या बेतात होतं.

मी ऊसतोडीच्या पट्ट्यातला शिक्षक. 2010 पूर्वी कारखान्यावरून मध्येच आलेल्या पोराला दाखल करून घ्यायचं तर दाखला आण, जन्मतारखेचा कागद आण, असं म्हणणं सहज शक्य होतं आणि पोरगं परत फडात जायचं. आता कागद नसला तरी वयानुरूप वर्गात घ्यावंच लागतं. नियम पाळला जात नाही अशा शाळा आहेत, मान्य. पण त्या आईच्या बाजूने आता कायदा आहे. हे सात वर्षं लवकर मिळालं असतं तर किती पोरं शिकली असती, या विचाराने खरंच राग येतो.

बागायतदार

44वीचं एवढं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. याच दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क काढून घेतला. अनुच्छेद 19 मधला तो भाग आणि अनुच्छेद 31 दोन्ही गेले, राहिला तो 300-क, कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येणार नाही एवढंच म्हणणारा. आमच्या गावात रस्ता रुंदीकरणात माझी द्राक्षबागेची कड गेली. मोजणी झाली, खांब रोवले, वरून डांबर पडलं. पैसे विचारायला गेलो की संबंधित कार्यालय म्हणतं रस्ता आधीपासूनच एवढा होता. शेतकऱ्याच्या हक्काची पायरी खाली आणली ती याच लोकांनी.

काळाकोट

@बागायतदार, मुद्दा रास्त आहे. मूलभूत हक्क गेल्यामुळे अनुच्छेद 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही, उच्च न्यायालयात 226 खाली जावं लागतं. पण 300-क अगदीच दुबळा राहिलेला नाही. विद्यादेवी विरुद्ध हिमाचल प्रदेश, 2020. रस्त्यासाठी 1967-68 मध्ये घेतलेली जमीन, भूसंपादनाची कुठलीच कारवाई नाही, आणि दाद मागणारी वृद्ध, निरक्षर विधवा. राज्याने 'उशीर झाला' आणि 'तोंडी संमती होती' असं सांगून पाहिलं. कोर्टाने दोन्ही फेटाळून भरपाई द्यायला लावली. मग मे 2024 चा कोलकाता महापालिकेचा निकाल. त्यात नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, योग्य भरपाई, वेळेत प्रक्रिया आणि तिची रीतसर पूर्तता, हे सगळं 300-क मध्येच अंतर्भूत आहे असं सांगितलंय. तुम्ही जुना गाव नकाशा, गट नकाशा आणि सातबारा काढा, रस्त्याची मूळ रुंदी त्यावरून दाखवता येते. जमलं तर मोजणीची 'क' प्रतही घ्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सविस्तर बोलू.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत मुलीच्या शाळेच्या प्रकल्पामुळे कळलेली गोष्ट. अमेरिकेची 27वी घटनादुरुस्ती 1789 मध्ये प्रस्तावित झाली आणि मंजूर झाली 1992 मध्ये. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांच्या पगाराविषयीची आहे. ती सगळे विसरले होते. 1982 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने तिच्यावर निबंध लिहिला, त्याला सी ग्रेड मिळाली. पठ्ठ्याने राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रं लिहायला घेतली आणि दहा वर्षांत ती मंजूर करून घेतली. तिथे राज्यांची मंजुरी लागत होती. आपल्याकडे तर दोन्ही सभागृहं आणि राष्ट्रपती, सगळं होऊन गेलंय. राहिलीय एक अधिसूचना.

सायली

मूलभूत प्रश्न विचारते. 2017 च्या गोपनीयतेच्या निकालात जबलपूरचा निर्णय रद्द केला ना? मग 44व्या दुरुस्तीचं महत्त्व आता कमी झालं का?

कृष्णाकाठ

@सायली, चांगला प्रश्न. 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी जबलपूर निकाल स्पष्टपणे मोडीत काढला. 1976 च्या बहुमतातल्या चार न्यायमूर्तींपैकी एक होते यशवंतराव चंद्रचूड, आणि त्यांचा निर्णय चुकीचा ठरवणारा मुख्य निकाल लिहिला त्यांच्याच मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी. पण मधली 41 वर्षं आठवा. त्या काळात पुन्हा आणीबाणी आली असती तर नागरिकाच्या हातात दुरुस्त केलेला अनुच्छेद 359 (आणीबाणीत हक्क निलंबित करण्याविषयीचा) होता, कोर्टाचा निकाल नव्हता. आणि निकाल पुढचं मोठं खंडपीठ बदलू शकतं. संविधानात लिहिलेली ओळ बदलायला मात्र पुन्हा दोन तृतीयांश मतं लागतात, आणि तरीही ती मूलभूत चौकटीच्या कसोटीला उतरावी लागते. मला दोन्ही हवेत.

एडिसनकरांचं वाचून ठरवलं. आमच्या खासदारांना लेखी पत्र देतोय की लोकसभेत तारांकित प्रश्न विचारा: 44व्या दुरुस्तीचं कलम 3 लागू करण्याबाबत गृहमंत्रालयाची आजची भूमिका काय, आणि राज्यांचं मत मागवलं आहे का. मसुदा इथेच टाकतो, ज्यांना आपापल्या मतदारसंघात द्यायचा त्यांनी उचला.

नाशिकरोडकर

मसुदा टाकाच. आमच्याकडे मी स्वतः नेऊन देईन आणि पोच घेईन.

वस्तीवाला

कृष्णाकाठ, तुमचं म्हणणं पटलं. मंडळ न्यायालयाच्या शिफारशीने बनावं याला माझा विरोध नाही, सहीसाठी मलाही कळवा. @काळाकोट, एक विचारायचं राहिलं. मंडळापुढे वकील चालतो का? आमच्या गल्लीतल्या एका पोराला नावाच्या सारखेपणावरून नोटीस आली होती, त्याच्या आईला काहीच कळत नव्हतं.

काळाकोट

वकील देण्याचा हक्क नाही. अनुच्छेद 22 मध्येच अटक झालेल्या सामान्य आरोपीला वकील आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं हे दोन्ही आहे, पण स्थानबद्ध माणसाला त्यातून वगळलंय. मात्र ए. के. रॉय निकालातच दोन गोष्टी मिळाल्या. सरकारतर्फे वकील किंवा कायद्याचा जाणकार अधिकारी मंडळापुढे बोलला तर स्थानबद्धालाही वकील द्यावा लागतो. आणि वकील नसला तरी मदतीला एक मित्र नेता येतो, फक्त तो व्यवसायाने वकील नसावा. हे मागावं लागतं, आपणहून कुणी सांगत नाही.

त्या आईने पहिल्या दिवशी करायची कामं: आदेशाची आणि कारणांची पूर्ण प्रत मराठीत मागणे, न वाचता येणाऱ्या झेरॉक्स पानांची यादी करून ती पुन्हा मागणे, आणि निवेदन तीन ठिकाणी वेगवेगळं पाठवणे, म्हणजे आदेश काढणारा अधिकारी, राज्य शासन आणि सल्लागार मंडळ. तुरुंग अधीक्षकांमार्फत दिलं तर त्याची तारखेसह पोच. त्या तारखेपासूनच उशीर मोजला जातो.